‘अशील’ कुणाला म्हणायचं

"सर, मॅडम मला जजसाहेबांसमोर काय म्हणाल्या?"

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्या मुलानं मला गाठलं. वीस-एकवीस वर्षांचा, गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करणारा. बांधकामावरच्या लोखंडी सळया चोरल्याचा आळ त्याच्यावर होता. महिनाभर आत काढून तो जामिनावर सुटला होता आणि सुटल्यानंतरची ही पहिलीच तारीख होती. मी विचारलं, "काय म्हणाल्या?" त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "अशील. माझे अशील गरीब आहेत, असं म्हणाल्या. अशील म्हणजे ज्याला शील नाही, तो ना?"

मुलगा नववीपर्यंत शिकलेला. सुशील म्हणजे चांगल्या वागणुकीचा, हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा अशील म्हणजे त्याच्या उलट. मराठी ज्याची मायबोली आहे त्याला दुसरं काय वाटणार? पण चोरीचा आळ असलेल्या पोराला आपलाच वकील भर कोर्टात शीलहीन म्हणतोय असं वाटावं आणि तरी त्यानं हात जोडून गप्प उभं राहावं, हे माझ्या मनातून जाईना. आपल्याला असं म्हणण्याचा त्यांना अधिकारच असेल, असं धरून तो ऐकून घेत होता.

तिथंच बाकड्यावर बसून मी त्याला शब्द फोडून सांगितला. हा शब्द संस्कृत नाहीच. त्यातला ‘अ’ नकाराचा नाही आणि ‘शील’ही चारित्र्याचं नाही. अरबीत ‘अस्ल’ म्हणजे मूळ. त्यावरून ‘असील’ म्हणजे मुळातला, खानदानी, भेसळ नसलेला. आपला ‘अस्सल’ त्याच मुळीचा. झुंजीच्या कोंबड्यांत असील नावाची जात आहे, तिचं नावही हेच. कोंबड्याचं नाव काढल्यावर तो पहिल्यांदा हसला; त्याच्या मामाकडे तसला कोंबडा होता म्हणे. इस्लामी कायद्याच्या परिभाषेत ‘असील’ आणि ‘वकील’ ही जोडी आहे. ज्याचं काम तो असील, ज्याच्यावर ते सोपवलं तो वकील. मराठीनं जोडीच्या जोडी उचलली, फक्त वापरता वापरता ‘स’चा ‘श’ झाला आणि घोटाळा होऊन बसला. हल्ली बरेच वकील अशील टाळून ‘पक्षकार’ म्हणतात. तो शब्द स्वच्छ आहे, पण त्यात मूळपणाची खूण नाही. पक्षकार दोन्ही बाजूंना असतात. अशील मात्र कुणाचा तरी असतो, आणि ज्याचा असतो तो वकील त्याच्यामुळेच त्या खोलीत उभा असतो.

वकील या शब्दाच्या मुळाशी सोपवणं आहे, भरवसा टाकणं आहे. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांत एक ‘अल-वकील’ आहे: ज्याच्यावर सगळं सोपवून निर्धास्त व्हावं, असा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वकील पानोपानी भेटतो, पण तो राजदूत असतो. पेशव्यांची वकिली दिल्लीत हिंगणे घराण्याकडे होती. बादशहाच्या दरबारात काय शिजतंय याच्या बातम्या ते पुण्याला धाडत. १७८४ साली बादशहानं पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केलं आणि त्यांचे नायब म्हणून महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला. मुतलक म्हणजे अनिर्बंध. साम्राज्यातला सर्वांत मोठा अधिकार, तरी त्याचं नाव वकील, कारण कागदोपत्री असील बादशहाच होता. पुढे कंपनी सरकारनं १७९३ साली बंगालमध्ये कायदा करून अदालतीत सनदी वकील नेमायला सुरुवात केली आणि हळूहळू दूत मागं पडून काळ्या कोटाचा माणूस पुढं आला.

मी या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीच्या खोलीत आठवड्यातले दोन दिवस बसतो. अर्ज लिहून देतो, कागद लावून देतो, कुठल्या खोलीत जायचं ते सांगतो. समोर एक रजिस्टर असतं. त्यात एका रकान्यावर ‘लाभार्थीचे नाव’ असं छापलंय. त्या मुलाचं नाव मी स्वतःच्या हातानं त्या रकान्यात लिहिलं होतं. निराधार योजना, घरकुल, रेशन या सगळ्यांत माणूस लाभार्थी असतो. ज्याला काहीतरी मिळालं तो. आमच्या खोलीतून त्याला मिळालं काय, तर एक वकील. आणि वकील मिळाला की माणूस त्या क्षणी अशील होतो, भाषेच्या नियमानंच होतो. मग रजिस्टरमध्ये तो लाभार्थी का राहावा? पैसे मोजून वकील लावणाऱ्याला कुणी लाभार्थी म्हणत नाही. तेव्हा फरक शब्दानं केला आणि तो शब्द माझ्या अक्षरात आहे. त्या दिवसापासून मी तो रकाना भरताना अडखळतो.

या मुलाची आई आमच्या खोलीत आली होती ती त्याच्या आधी महिनाभर. पोरगा आत होता. दारावरची पाटी तिनं बराच वेळ वाचली. मग उंबऱ्याशीच उभं राहून विचारलं, "हितं कसलं विधी करत्यात?" आपल्या घराघरांत विधी म्हणजे बारशापासून दहाव्यापर्यंतचे. लग्नाचे विधी, अंत्यविधी. विधिलिखित म्हणजे कपाळावरचं, न टळणारं. तिच्या मुलाच्या कपाळी काय लिहिलंय याच काळजीत ती होती आणि समोर पाटीवर तोच शब्द. सरकारी परिभाषेनं ‘लॉ’साठी ‘विधी’ घेतला तो संस्कृताच्या दृष्टीनं चोख आहे: वि आणि धा, म्हणजे नेमून ठेवलेलं. पण ज्यांच्यासाठी ती पाटी लावली, त्यांच्या कानात तो शब्द आधीच भरलेला आहे. ‘कायद्याची मोफत मदत’ असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं असतं तरी ती बाई उंबऱ्यावर थबकली नसती.

मी तिला आत बसवलं. म्हटलं, तुमच्या मुलाला आपण वकील देऊ, पैसे लागणार नाहीत. ती झटकन उठली. "सरकारी वकील नको."

मला कळेना. तिला माहीत होतं ते बरोबर होतं. सरकारी वकील म्हणजे जो सरकारतर्फे, पोलिसांच्या बाजूनं उभा राहतो आणि आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून बोलतो. गावात, एसटीत, टीव्हीवर, वर्तमानपत्रात सरकारी वकील या शब्दाचा हा एकच अर्थ आहे. ज्यानं माझ्या पोराला आत टाकायचं, तोच मी माझ्या पोरासाठी घ्यायचा? कुणीतरी तिला ओळीत उभं असताना सांगितलं होतं, ‘जा, तुला सरकारी वकील मिळेल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण ते ऐकून ती दोन दिवस आलीच नव्हती. या दोन दिवसांचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

मी ही गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे की आता खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच सांगतो: हा वकील सरकारचा नाही, पगार किंवा फी सरकार देतं, पण तो तुमच्या बाजूचा. अलीकडे, २०२२ पासून, जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं निघाली. मराठीत त्यांना ‘लोक अभिरक्षक’ म्हणतात. हेतू मला मनापासून पटतो: सरकारतर्फे आरोप चालवायला पूर्णवेळ वकील असतो, तर बचावालाही असावा. शब्द मात्र पुन्हा जड. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टांत ‘अभिरक्षा’ म्हणजे कोठडी. रक्षण करणारा आणि डांबून ठेवणं, दोन्हींचं मूळ एकच.

‘मोफत’बद्दलही थोडं. फारसीतला ‘मुफ्त’ आपल्याकडे मोफत झाला आणि बऱ्यापैकी सभ्य राहिला: मोफत शिक्षण, मोफत औषधोपचार. पण बोलताना त्याच्या जागी ‘फुकट’ येतो आणि तो शब्द अंगावर डाग पाडून जातो. फुकट म्हणजे वाया गेलेलंही. मेहनत फुकट गेली, दिवस फुकट गेला. म्हणून ‘फुकटचा वकील’ म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येतं: पैसे न घेणारा, आणि उपयोग नसलेला. ‘विनामूल्य’ त्याहून वाईट, कारण मूल्य म्हणजे किंमत तशी मोलही. लोक पै-पै जमवून, दागिना मोडून खाजगी वकील लावतात आणि आमच्या पॅनेलवरच्या चांगल्या वकिलांकडे पाठ फिरवतात, याचं एक कारण हा शब्द आहे असं मला वाटतं. पॅनेलवरचे सगळेच वकील चांगले असतात असं मी म्हणत नाही. काही तारखेला येत नाहीत. त्यांच्यामुळे त्या शब्दाला पुरावा मिळतो, आणि त्याचा मला राग आहे.

गरिबाला कोर्टानं जुन्या काळापासून एक शब्द देऊन ठेवलाय, तो माझ्या आवडीचा आहे. नादार. फारसी ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. हाच दार जमीनदारात आहे, इनामदारात आहे, दुकानदारात, फौजदारात आहे. गावातल्या प्रत्येक दारापुढं काहीतरी आहे, कुणाच्या जमीन, कुणाच्या इनाम. नादारापुढं नुसता ‘ना’. माझ्या पिढीला हा शब्द शाळेतून माहीत आहे. फी माफ झाली की ‘नादारी मिळाली’ म्हणायचे. वर्गात मास्तर नादारीची नावं वाचायचे तेव्हा आम्ही मान खाली घालून बसायचो, तरी घरी जाऊन आईला ते सांगताना आनंद व्हायचा, कारण वर्षाची फी वाचलेली असायची. एका शब्दात लाज आणि दिलासा इतके शेजारी क्वचित बसतात.

दिवाणी कोर्टात नादार म्हणून दावा लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला तेहतिसावा आदेश त्यासाठीच आहे. इंग्रजीत तिथं ‘पॉपर’ शब्द होता; १९७६ च्या दुरुस्तीनं तो काढून ‘इंडिजंट’ आणला, म्हणजे भिकारी गेला आणि निर्धन आला. मुख्य सवलत ही की कोर्ट फी आधी भरावी लागत नाही. दावा जिंकला तर ती वसूल होतेच. आणि त्यासाठी आपण नादार आहोत हे शाबीत करावं लागतं. अर्जासोबत आपल्या सगळ्या चीजवस्तूंची, घरजमिनीची यादी अंदाजे किमतीसह जोडायची. अर्ज सहसा स्वतः जाऊन द्यायचा. मग चौकशी. सरकारला आणि समोरच्या पक्षाला नोटीस, की हा माणूस खरंच गरीब आहे का यावर तुमचं काय म्हणणं आहे.

अशी एक यादी मी लिहून दिली आहे. दिराशी जमिनीचा वाद असलेली एक विधवा. ती सांगत होती, मी लिहीत होतो. दोन पातेली, एक कढई, तवा, हंडा. शिलाई मशीन, पायानं चालवायचं. पत्र्याची पेटी. शेळी एक. किंमत काय लावायची म्हणून विचारलं तर तिनं शेळीची किंमत लगेच सांगितली आणि मशीनपाशी थांबली. मशीन तिच्या नवऱ्यानं आणलेलं. म्हणाली, "त्याची काय किंमत लिवायची, तुमीच लिवा." कायद्यानं निदान एवढं केलंय की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मानं अंगावरून न काढता येणारा दागिना या हिशेबातून बाहेर ठेवलाय. जिथं फीचा प्रश्न नाही तिथं हे सगळं वगळून हजार रुपयांचीही मालमत्ता नसावी, अशी मर्यादा आहे. तीही १९७६ चीच. तिचं मशीन शिवणकामाचं हत्यार म्हणून सुटलं. पण यादीत ते लिहावं लागलंच. नसलेल्याची मोजदाद करताना जे थोडं आहे ते चारचौघांत मांडावं लागतं, आणि ‘नादार’ ऐकला की मला तीच यादी दिसते.

विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा या बाबतीत खूप पुढं गेलेला आहे. कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या बाराव्या कलमात कुणाकुणाला वकील मिळेल याची यादी आहे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्पन्न विचारलंच जात नाही: अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया आणि मुलं, अपंग, कारखान्यातले कामगार, पूर-भूकंपानं उद्ध्वस्त झालेले, वेठबिगारीत अडकलेले, आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कुणीही. कुठल्याही बाईला, मग ती कितीही पैसेवाली असो. मला हे कलम एखाद्या घराच्या पडवीसारखं वाटतं. उन्हातून आलेल्याला आधी बसवायचं. १५१०० हा फोन नंबरही आहे, फुकट लागतो; तो नंबर मी प्रत्येकाच्या पिशवीतल्या कागदावर लिहून देतो.

आता तो शब्द, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. दाद. कोर्टात दाद मागतात, वरिष्ठ कोर्टात दाद लागते, कुठंच दाद लागली नाही की माणूस ‘दाद ना फिर्याद’ म्हणत घरी बसतो. गाण्याच्या मैफलीत दाद देतात, आणि हट्टी मूल कुणाला दाद देत नाही. फिर्याद फारसी ‘फर्याद’वरून आली, मदतीसाठी फोडलेला हंबरडा असा तिचा अर्थ. पोलीस ठाण्यात फिर्याद ‘नोंदवतात’ तेव्हा त्या हंबरड्याचा कागद होतो. आणि ‘दाद’ हा तर इराणातला फार जुना शब्द. प्राचीन फारसी शिलालेखांत ‘दात’ म्हणजे कायदा, ठरवून ठेवलेलं. त्याचं मूळ संस्कृत ‘धा’ धातूचं सख्खं भावंड आहे, ठेवणं, मांडणं या अर्थाचं. आणि मघाच्या पाटीवरचा ‘विधी’ त्याच ‘धा’पासून. म्हणजे ती बाई ज्या शब्दासमोर थबकली आणि जो शब्द तिच्या तोंडी रोज होता, ते दोघे एका आईचे. एक संस्कृताच्या घरी वाढला, एक इराणातून फिरत, मुसलमानी अमदानीत दख्खनला आला आणि मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसला. भावांची गाठ पडली ती सरकारी पाटीखाली, तीही कुणाला न कळता.

मला विचाराल तर पाटीवर ‘दाद’ लिहायला हवा होता. ‘दादघर’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण दादेला एक क्रियापद चिकटलेलं आहे, त्याबद्दल मी वर्षानुवर्षं विचार करतोय. मागणे. दाद मागतात, न्याय मागतात, जामीन मागतात. भीकही मागतात, क्रियापद तेच. मागणाऱ्यानं मागायचं आणि देणाऱ्यानं दिलं तर द्यायचं, हा अर्थ आपोआप शिरतो. सर्वोच्च न्यायालयानं या क्रियापदालाच हात घातला, असं मी समजतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं समान न्याय आणि मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ घटनेत आलं. १९७८ मध्ये ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल हातात पडायलाच वर्षं गेली होती, त्यामुळे अपिलाची मुदत उलटलेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सांगितलं की नक्कल वेळेवर आणि फुकट द्या, आणि गरज असेल तर वकीलही द्या. नक्कल म्हणजे बोलीत दुसऱ्याची सोंगं करणं. तुरुंगातल्या माणसाला मात्र त्या कागदावाचून पुढचं दारच नाही. मग १९८० च्या अखेरीस भागलपूरच्या आंधळे केलेल्या कैद्यांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, मॅजिस्ट्रेटनं स्वतःहून आरोपीला सांगितलं पाहिजे की तुला मोफत वकिलाचा हक्क आहे. १९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या सुक दासच्या प्रकरणात आणखी स्पष्ट झालं: त्यानं वकील मागितला नव्हता, ही सबबच नाही. ज्याला हक्क माहीतच नाही तो मागणार कसा? मागितला नाही म्हणून दिला नाही, हे चालणार नाही. शिक्षा रद्द झाली.

मधल्या काळात, १९८२ साली, मुंबईत एक फार मोलाचं पत्र लिहिलं गेलं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांना भेटून त्यांची हकिकत सर्वोच्च न्यायालयाला कळवली. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन चौकशी करायला सांगितलं, आणि १९८३ च्या निकालात म्हटलं की अटक झाली की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदा मदत समितीला कळवावं. म्हणजे कैद्यानं मागायला नको, पोलिसानं सांगायचं, समितीनं जायचं. ‘अर्ज’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ समोर मांडणं एवढाच आहे. त्यात विनंतीचा दीनवाणा सूर आपण नंतर भरला. ते पत्र जुन्या अर्थानं अर्ज होतं.

तेव्हा मागणे या क्रियापदाला कायद्यानं बाजूला सारलं ते चाळीस वर्षांमागं. खोलीत बसून मी पाहतो, लोक अजून मागतातच, आणि मागताना वाकतात.

पूर्वी काय होतं, असं कुणी विचारलं तर महजर आठवतो. गावच्या गोतसभेत वतनाचा तंटा निवडला की त्याचा कागद व्हायचा, तो महजर. अरबी ‘हुजूर’, आपला ‘हजर’, ‘हजेरी’ आणि हा महजर एकाच मुळाचे. हजर असलेल्यांचा कागद. पाटलानं नांगर काढायचा, शेट्यानं तराजू, म्हणजे सही येत नसली तरी खूण पडायची. निवाडा मान्य राहील असं दोन्ही वादी आधी लिहून देत, त्याला राजीनामा म्हणत. राजी म्हणजे कबूल, तेव्हा मुळात राजीनामा हा सोडून जाण्याचा कागद नव्हता, मान्य असल्याचा होता. जिंकणारा हरकी द्यायचा, हरणारा गुन्हेगारी. फुकट तेव्हाही नव्हतं. आणि त्या गोतात जातीची उतरंड पुरती शाबूत होती, याचा विसर पडू देऊ नये. पण वादी म्हणजे बोलणारा, ‘वद्’वरून, आणि गोतसभेत वादी स्वतः बोलायचा. आजचा वादी कोर्टात सहसा तोंड उघडत नाही. वकील नसेल तर त्याच्या बाजूनं कुणीच बोलत नाही.

पुन्हा त्या मुलाकडे येतो. महिनाभर आत का राहिला? जामीन पहिल्याच आठवड्यात मंजूर झाला होता. पण अरबीत ‘जामिन’ म्हणजे हमी देणारा माणूस. मराठीतही तो आधी माणूसच होता, ‘मी त्याला जामीन आहे’ असं म्हणत. आता जामीन म्हणजे सुटका झालीय, पण कोर्टाला अजून तो माणूसच लागतो. घरपट्टीची पावती असलेला, सातबारा असलेला. पालावर राहणाऱ्या, ऊसतोडीला जिल्हा बदलणाऱ्या माणसांत असा जामीन कुठून आणायचा? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. भाऊ उभा राहिला तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. कृष्ण अय्यरांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं.

याला आपण ‘जातमुचलका’ म्हणतो. मुचलका तुर्कीतून आला. आणि यातली जात अरबी ‘जात’ आहे, म्हणजे स्वतः. ‘साहेब जातीनं हजर होते’ यातली. ती जातपात नव्हे. आमच्याकडे पारधी वस्तीतला एक माणूस जातमुचलक्यावर सुटला होता आणि त्याला वाटलं की आपल्या जातीमुळं वेगळा कागद करून घेतला. त्याला हे सांगताना मला फार संकोच वाटला. त्याचा अनुभव त्याला तसंच वाचायला शिकवत होता.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारातले तीन. कच्चा कैदी हा मराठी बोलीचा शब्द, सरकारी ‘न्यायाधीन बंदी’पेक्षा खरा. ज्याचं अजून काही ठरलेलं नाही तो कच्चा.

त्या मुलाची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. साक्षीदार आलेले नाहीत, पुढची तारीख पडलीय. व्हरांड्यात मी त्याला अशील समजावत होतो तेव्हा त्याची आई जिन्याशी फोनवर बोलत होती, बहुधा भावाशी. पलीकडून विचारलं असावं, वकील कोण दिलाय, सरकारी का? ती म्हणाली, "न्हाई, न्हाई. सरकारी न्हाई. आपल्या बाई हायत्या." मग फोन कानाला धरूनच तिनं पोराला हाक मारली, कारण साडेचारची एसटी होती.